पादुंग-पादुंग : बाळी, बुगडी की आणखी काही?

प्रश्न असा आहे : इंडोनेशियातील उत्तर सुमात्राच्या डोंगराळ भागातील कारो बाटक समाजाच्या स्त्रिया पूर्वी कानांत ‘पादुंग-पादुंग’ नावाचा चांदीचा दागिना घालत, छायाचित्राखालच्या ओळीत त्याला ‘चांदीची बाळी’ म्हटले तर चालेल का? माझ्या मते चालणार नाही, आणि अडचण त्या दागिन्यापेक्षा आपल्या मराठी शब्दांत अधिक आहे.

कानातल्या दागिन्यांची आपली नावे आकाराइतकीच जागेवरूनही ठरतात. कुडी पाळीत बसते, डूल पाळीतून लोंबतो, बुगडी मात्र कानाच्या वरच्या कडेला असते (कानडीतही हा शब्द ‘बुगुडी’ असा आहे). बाळी म्हणजे तारेचे कडे. तेच पुरुषाने कानाच्या वरच्या भागात घातले की त्याची भिकबाळी होते. त्यामुळे नुसते ‘बाळी’ वाचले की डोळ्यांपुढे गोल, हलके, पाळीतले काहीतरी येते.

पादुंग-पादुंगची घडण अगदी निराळी आहे. चांदीची एक जाड, गोल सळई मधोमध वाकवून तिची दोन्ही टोके चकलीसारखी वळवलेली असतात, आणि त्या दोन चपट्या वेटोळ्यांमधला वाक कानाच्या वरच्या भागात अडकवलेला असतो. एकेकाचे वजन किलोच्या घरात जाऊ शकत असल्यामुळे एकट्या कानाला ते पेलवणारे नव्हतेच. म्हणून ते डोक्याला गुंडाळलेल्या कापडात अडकवून त्याचा भार डोक्यावर घेत. जुन्या छायाचित्रांत एका कानातले पुढे आणि दुसऱ्या कानातले मागे वळलेले दिसते. संसारातील चढउतारांची ती खूण असल्याचे सांगतात.

जागेचा विचार केला तर जवळचा शब्द बुगडी हाच आहे. परंतु बुगडी म्हणजे मोत्यांचा नाजूक दागिना. किलोभर चांदीला बुगडी म्हणणे म्हणजे रांजणाला फुलपात्र म्हणणे झाले. भार पेलण्याची युक्ती मात्र आपल्या ओळखीची आहे, कारण जड झुब्यांना जोडलेला वेल आपल्याकडे केसांत अडकवतात तो त्याचसाठी. वर्णनात ही तुलना खुशाल करावी, पण दागिन्याला ‘वेल’ हे नाव देऊ नये.

तेव्हा मूळ नाव ठेवून पहिल्या उल्लेखात ‘कानाच्या वरच्या भागात घालायचे, शिरोवस्त्राने तोललेले चांदीचे दुहेरी वेटोळे’ असा खुलासा जोडावा. द्विरुक्ती पाहून ते अनेकवचन आहे असे समजू नये. इंडोनेशियन भाषेत लोंबत्या कानातल्याला ‘आंतिंग-आंतिंग’ म्हणतात, मग ते एकच असले तरीही. लिंग नपुंसक ठेवावे, कारण ‘कानातले’ हा आपला सर्वसाधारण शब्दही नपुंसकलिंगीच आहे : एकवचनी ते पादुंग-पादुंग, अनेकवचनी ती पादुंग-पादुंग.