‘सुचलं’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

प्रश्न: ताई, मी म्हापशाला राहते, पणजीत हॉटेलच्या रिसेप्शनला आहे. मीटिंगमध्ये डोक्यात आयडिया असते पण तोंडातून फक्त ‘आय थिंक’ येतं, दुसरं काय बोलू?

उत्तर: अगं, ‘आय थिंक’ चुकीचं नाहीच, पण ते मत सांगायला. अचानक काही सुचलं तर ‘इट ऑकर्ड टू मी’ म्हण, आणि हे आपल्याला खरं तर सोपं जायला हवं कारण मराठीत ‘मला सुचलं’, कोंकणीत ‘म्हाका सुचलें’, म्हणजे विचार आपल्याकडे चालत येतो, इथेही तसंच आहे. मला ही रचना फार आवडते. नुसतं मनात येऊन गेलं असेल तर ‘इट क्रॉस्ड माय माइंड’. आणि एक चूक आपण सगळेच करतो, ‘आय अ‍ॅम थिंकिंग टू गो’, ते ‘थिंकिंग ऑफ गोइंग’ असं पाहिजे, म्हणजे जायचा बेत मनात आहे. ‘थिंकिंग अबाउट’ म्हटलं की अजून उलटसुलट विचार चाललाय. मत बदललं तर ‘ऑन सेकंड थॉट्स’ने सुरुवात कर. उद्याच्या मीटिंगला यातलं एकच वापर, पण नक्की वापर हां.