नातं असलं की दार उघडतंच का?

प्रश्न: आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश लोक राहून गेले, पण ते छावणीत. आता वाचतोय की म्यानमारमधून पळून आलेल्यांना मिझोराममध्ये लोक स्वतःच्या गावात ठेवून घेतायत, दिल्लीनं नको म्हटलं तरी. हे फक्त नात्यागोत्यामुळं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नातं आहेच, पण ‘फक्त’ नाही म्हणणार मी. १ फेब्रुवारी २०२१ ला तिकडं लष्करानं सत्ता घेतली आणि तिकडच्या चिन राज्यातले चिन लोक (चीन देशाचे नव्हेत, मिझोंचेच भाऊबंद) सीमेवरची तिआउ नदी ओलांडून मिझोराममधल्या झोखावथार गावाला यायला लागले, नदी तरी कसली, पाणी कमी असलं की चालत पार होते, एका काठावर मावशी दुसऱ्या काठावर मामा, भाषा जवळची, चर्च दोन्हीकडं. मार्चमध्ये केंद्रानं लोंढा थांबवा असं पत्र पाठवलं तेव्हा मुख्यमंत्री झोरामथांगांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं की यांच्याकडं आम्हाला पाठ फिरवता येणार नाही. १९६६ ला मिझोंचं बंड मोडायला ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाच्या विमानांतून बॉम्ब पडले, त्या काळात मिझो माणसंही जीव वाचवायला बॉर्डरपलीकडंच गेली होती, ते कोण विसरेल!

पण मला जास्त मोठी वाटते ती सवय. मिझो घरात बाई भात टाकताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते, बुहफाइ थाम म्हणतात त्याला, १९१० पासून चालू आहे (आपल्याकडं कर्मवीर अण्णांचा मुष्टिफंड आठवा). गावोगाव यंग मिझो असोसिएशनची शाखा, कुणाकडं मयत झालं की कबर खणायला हीच पोरं धावतात. त्यामुळं तीस हजारांवर माणसं आली तेव्हा कुणाला कुठं टेकवायचं, बांबूची झोपडी कोण उभी करणार, हे ठरवायला नवीन ऑफिस उघडावं लागलं नाही. आपल्या देशाची १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच नाही, म्हणून गावाचा हा आधार अजूनच मोलाचा.

आता दुसरी बाजू, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९९७ मध्ये याच मिझोराममधून ब्रू या वेगळ्या जमातीचे लोक मिझोंशी झालेल्या संघर्षामुळं हजारोंनी त्रिपुरात पळाले, वीसेक वर्षं छावण्यांत काढली, शेवटी २०२० मध्ये त्यांना त्रिपुरातच वसवायचा करार झाला. ते मिझो नव्हते, असं म्हणाल. पण २००३ मध्ये एका बलात्काराच्या घटनेनंतर याच असोसिएशननं चिन लोकांनाच हजारोंनी परत हाकललं होतं, आणि नातं तेव्हाही तेच होतं की! त्यातलं कुणी २०२१ ला पुन्हा त्याच नदीवरून आलं असेल तर त्यांच्या मनात काय आलं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.