लोकरीचा हिशेब होतो, तासांचा होत नाही

प्रश्न : ताई, मी बरीच वर्षं क्रोशाची खेळणी विणते. आता ओळखीतून ऑर्डरी येऊ लागल्या आहेत. दिवसभर सुई हातात असते, तरी हाती काही उरत नाही आणि दिलेल्या तारखाही चुकतात. हे नीट व्यवसाय म्हणून करायचं तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचक

उत्तर : नाव, लोगो, ऑनलाइन पानाची सजावट हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. एक वही, एक घड्याळ आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या.

तुम्ही सर्वाधिक विणता ते खेळणं निवडा. सुरू करण्याआधी गुंड्याचं वजन करा आणि संपल्यावर पुन्हा करा. फरक म्हणजे लागलेली लोकर. हे बहुतेकजणी करतात. वेळ मात्र कुणी लिहीत नाही, आणि गळती तिथेच असते. पहिल्या साखळीपासून शेवटच्या मुक्या खांबापर्यंतचा, म्हणजे शेवटच्या टाक्यापर्यंतचा, वेळ म्हणजे निम्मी गोष्ट. कापूस भरणं, हातपाय शिवणं, टोकं आत लपवणं, फोटो, पॅकिंग आणि 'कान थोडे लांब करता येतील का?' अशा निरोपांना उत्तरं, हेही कामच आहे. एकच नमुना तीन-चारदा विणून सरासरी काढा. पहिल्या नगाचा वेळ धरू नका, त्यात उसवणंच जास्त असतं.

मग तासाचा दर ठरवा, त्याला लागलेल्या तासांनी गुणा आणि त्यात सामान, पॅकिंग व थोडी घट (वाया जाणारं सामान) मिळवा. आकडा बघून धसका बसेल. बसू दे. 'लोकरीच्या किमतीच्या दुप्पट' हा प्रचलित हिशेब मला मुळीच पटत नाही: बारीक सुतात सामान कमी लागतं आणि तास जास्त, म्हणजे जितकं नाजूक काम तितकं नुकसान! आकडा फारच चढला तर दर पाडू नका, नमुना सोपा करा. अंगावर शिवायचे तुकडे कमी केले की वेळ लगेच वाचतो.

तारखा चुकतात, कारण तुम्ही सगळ्याला हो म्हणता. विकायला मोजके नमुने ठेवा. आठवड्यात विणायला किती तास मिळतात, तेही वहीत लिहा. त्याच्या पाऊणपट तासांत होतील एवढ्याच ऑर्डरी घ्या. उरलेला वेळ पाहुणे आणि दुखरं मनगट खातंच. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय लोकर आणू नका, आणि आणाल तेव्हा पूर्ण ऑर्डरीची एकाच लॉट नंबरची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, आणा. लॉट बदलला की तोच रंग वेगळा दिसतो.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्लास्टिकचे डोळे लावू नका, डोळे धाग्याने भरतकाम करून काढा. त्याचा वेळही दरात धरा.

हातातल्या ऑर्डरी जुन्या भावाने पुऱ्या करा. नवीन भाव आजपासून येणाऱ्यांना सांगा, मैत्रिणींनासुद्धा.