पोर्टच्या खोऱ्यातली ड्राय रेड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (दिंडोरीहून) : आमची वाइन द्राक्षाची बाग आहे, शिराझ आणि कॅबर्ने. मागच्या अंकात तुम्ही पोर्ट वाइनवर लिहिलं होतं, की पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यात रस आंबत असतानाच स्पिरिट ओततात, आंबणं थांबतं आणि वाइन गोड राहते. मग स्पिरिट घातलंच नाही, रस पूर्ण आंबू दिला, तर आपोआप भारी ड्राय रेड, म्हणजे गोडवा न उरलेली लाल वाइन, होत असेल ना? द्राक्षं तर तीच!

उत्तर : दादा, द्राक्षं तीच हे खरं, पण आपोआप काहीच होत नाही, आणि हे समजायला तिथल्याही लोकांना बरीच वर्षं लागली.

आधी स्पिरिट काय काय करतं ते बघा. जुन्या हिशोबात 550 लिटरच्या एका पिंपात साधारण 435 लिटर आंबता रस आणि 115 लिटर द्राक्षाचं स्पिरिट, तेही 77 टक्क्यांचं. त्याने अल्कोहोल एकदम 20 च्या आसपास जातं, यीस्ट मरतं आणि अर्धी साखर तशीच राहते. पण त्याबरोबर अजून एक गोष्ट होते, तेवढ्या अल्कोहोलमध्ये वाइन नासवणारे बहुतेक जिवाणूही जगत नाहीत, शिवाय साल-बियांचा कडवटपणा असला तरी साखर तो झाकून टाकते. म्हणजे चुका पोटात घालणारं कुणीतरी घरात आहे. ड्राय रेड करायला घेतली की ते माणूस घरातून गेलं, आता प्रत्येक चूक ग्लासात दिसणार.

दुसरं म्हणजे वेळ. पोर्टचं फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, दोन-तीन दिवसांत उरकतं, तेवढ्यात सालीतून सगळा रंग ओढायचा असतो म्हणून ग्रॅनाइटच्या उथळ हौदात (लागार म्हणतात त्याला) माणसं तासनतास द्राक्षं तुडवतात. मी दोरोतल्या पिन्यांवजवळ एका छोट्या किंतावर, म्हणजे तिथल्या वाडीवर, एक सीझन काढलाय. पहिल्यांदा हौदात उतरलो तेव्हा पोटरीपर्यंत गार रगडा आणि खाली गुळगुळीत देठं, खांद्याला खांदा लावून सगळ्यांनी एका तालात पाय उचलायचा, दोन दिवसांनी त्याच हौदात उतरलो तर रगडा अंगाला ऊब लागण्याइतका गरम. पोर्टसाठी ही मेहनत हवीच. पण ड्राय वाइन साल-बियांसोबत आठ-दहा दिवस किंवा जास्तही राहते, आणि अल्कोहोल चढायला लागलं की बियांतलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) सुटायला लागतं, त्यामुळे शेवटी शेवटी तेवढ्याच जोराने रगडलं तर तोंड आवळून टाकणारी वाइन होते. म्हणून जोर सुरुवातीला लावायचा आणि नंतर हात हलका.

आणि तिसरी गोष्ट, उष्णता. दोरोमधले लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. सप्टेंबरात गरम द्राक्षं टाकीत गेली, फर्मेंटेशनची उष्णता त्यात मिळाली की तापमान बघता बघता 35 च्या पुढे जातं, यीस्ट धापा टाकतं आणि साखर अर्धवट राहते. त्या किंतावर पहाटे 3 ला आम्ही असंच धावलो होतो, कूलिंग बंद पडलेलं, टाकी 34 वर, शेवटी टाकीवर पाणी मारत बसलो, तरी ती टाकी नीट ड्राय झालीच नाही. पोर्ट असती तर स्पिरिट ओतून मोकळे झालो असतो.

आता 1952 चा विचार करा, तेव्हा खोऱ्याच्या आतल्या भागात वीजच नव्हती. फेरेइरा या पोर्ट कंपनीचे वाइनमेकर फर्नांदो निकोलाउ द आल्मेइदा फ्रान्समधल्या बोर्दोला जाऊन आले होते आणि आपल्या खोऱ्यात तशा दर्जाची ड्राय रेड व्हायलाच हवी हे त्यांनी मनावर घेतलं. त्यासाठीची व्हाले मेआंव ही वाडी नदीच्या पार वरच्या अंगाला, स्पेनच्या बाजूला. टाक्या थंड ठेवायला त्यांनी समुद्राकाठच्या मातोझिन्युशहून बर्फाच्या लाद्या मागवल्या, लाकडाच्या भुश्यात गुंडाळून, ट्रकने, रात्रभराचा प्रवास करून! आणि खालच्या तापलेल्या बागांच्या मालात आंबटपणा कमी पडतो म्हणून उंचावरच्या गार गावातली द्राक्षंही मिसळली. त्यातून झाली ‘बार्का वेल्या’. आजही ती दरवर्षी निघत नाही, सात दशकांत जेमतेम वीसेक वेळा, बाकीच्या वर्षी चांगली असली तरी दुसऱ्या नावाने विकतात. मला त्या बर्फाच्या ट्रकबद्दल मनापासून आदर वाटतो.

तुमच्यासाठी यात घेण्यासारखं म्हणजे तोडणीचा दिवस. पोर्टसाठी साखर भरपूर भरू देतात. ड्राय रेडसाठी तीच साखर सगळी अल्कोहोल होते, 15 टक्के सहज होतं आणि आंबटपणा उडून गेलेला असतो. तेव्हा नुसती ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघून तोडू नका, मणी चावून बघा, बी तपकिरी झालीय का, साल तुरट आहे की मऊ, आणि पीएच मोजा. आणि तोड पहाटेच.

प्रश्न (पुण्याहून) : द्राक्षं एवढी चांगली होती, मग लोकांनी ड्राय रेडकडे इतक्या उशिरा का लक्ष दिलं?

उत्तर : कारण पैसा पोर्टमध्ये होता आणि नियमही तिचेच होते. दोरोची हद्द 1756 मध्येच पोर्तुगालचे मंत्री पोम्बाल यांनी आखून दिली, ती पोर्टसाठी. पोर्ट निर्यात करायची तर माल आधी समुद्राजवळच्या व्हिला नोव्हा द गायाला न्यावा लागायचा, खोऱ्यातून थेट निर्यातीची मुभा 1986 मध्ये मिळाली, त्यानंतर छोट्या वाडीवाल्यांना आपल्या नावाने बाटली काढण्यात अर्थ दिसायला लागला. मग 1990 ची ‘दुआश किंताश’ आली, ती काढणारे जुआंव हे त्याच फर्नांदोंचे चिरंजीव, 1991 ची डर्क नीपोर्ट यांची ‘रेदोमा’ आली आणि पुढे रांगच लागली. 2014 मध्ये वाइन स्पेक्टेटर या अमेरिकन मासिकाच्या वर्षातल्या उत्तम वाइनच्या यादीत पहिल्या चारांत तीन वाइन दोरोच्या होत्या, पहिली पोर्ट, आणि तिसरी-चौथी चक्क ड्राय रेड.

पण एक गोष्ट मला अजून खटकते. कुठल्या बागेने किती पोर्ट करायची याचा दरवर्षी कोटा ठरतो, बेनेफिसिओ म्हणतात. बागेला गुण देतात, उंची, उतार, माती, वेलीचं वय, ऊन कुठल्या बाजूने येतं वगैरे बघून. कोट्यातल्या द्राक्षाला भाव चांगला, त्याच बागेतल्या कोट्याबाहेरच्या द्राक्षाला पार पडेल भाव, कधी कधी तर खर्चही निघत नाही. आणि गंमत नाही, दुःख आहे हे, की उंचावरच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या गार बागांना गुण कमी मिळतात, कारण पोर्टला ऊन हवं. आणि आज उत्तम ड्राय रेडसाठी सगळे त्याच बागा शोधत फिरतायत! त्या शिस्ट (पाटीसारख्या थराथरांच्या) खडकाच्या उभ्या उतारावर मशीन चालत नाही, पाठ मोडेपर्यंत हातानेच काम. ती बाटली महागात विकली जाते आणि शेतकऱ्याला द्राक्षाचा भाव मात्र पोर्टच्या कोट्यावरून ठरतो, हे बदलायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न (म्हापशाहून) : आमच्याकडे पोर्ट म्हणून मिळते ती गोड लाल वाइन आणि दोरोची रेड यांत काय साम्य? आणि दोरोची बाटली भेट आलीय, कशी प्यायची?

उत्तर : साम्य नावापुरतं. गोव्यातली ती वाइन पोर्तुगीज सवयीची आठवण आहे, पण खरी पोर्ट फक्त दोरोच्याच द्राक्षांची. तुमच्या बाटलीवर नुसतं ‘दोरो’ लिहिलं असेल, तर ती ड्राय. त्यात बहुतेक तुरीगा नासिओनाल ही द्राक्षाची जात असेल (बारीक मणी, गडद रंग, व्हायलेट फुलांचा वास), तुरीगा फ्रांका असेल, तिंता रोरीझ असेल, जुन्या बागेतली असेल तर वीस-तीस जाती एकत्र लावलेल्या असतात आणि एकत्रच तोडतात.

आपल्याकडच्या 30 डिग्रीच्या खोलीत ती तशीच ओतू नका, नुसतं अल्कोहोल नाकात जातं. फ्रिजमध्ये ठेवून गार करा, 16-18 डिग्री पुरे. तरुण वाइन असेल तर तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा. सोबत भाजलेलं मटण किंवा चोरीस चालेल, पण शाकुतीचं तिखट जरा बेताने, कारण टॅनिन आणि अल्कोहोलवर मिरची दुप्पट झोंबते.