न्यू जर्सीहून साठीतले आई-बाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा यांना घेऊन तीन दिवस झाडीत राहायचंय, थोडं चालायचंय, थोडी सायकल चालवायचीय. पेनसिल्व्हेनियातलं ओहायोपाइल स्टेट पार्क झेपेल का?

झेपेल, आणि सगळ्यांना झेपेल. मी पिट्सबर्गला राहतो, इथून ते दीड तासाच्या आत आहे. तुम्हाला एडिसनच्या बाजूने पाच तासांच्या वर लागतील. तिकडचे बरेच जण पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सच्या बालाजीचं दर्शन घेऊन तसेच माघारी फिरतात. त्याच फेरीत हे जोडलंत तर एवढी ड्रायव्हिंग सार्थकी लागेल.

मी हेच पार्क सुचवतो ते सायकलीमुळे. ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज हा पिट्सबर्ग ते मेरिलँडमधल्या कंबरलँडपर्यंतचा १५० मैलांचा सायकलमार्ग पार्कातून, अगदी ओहायोपाइल गावातूनच जातो. जुन्या रेल्वेचे रूळ काढून त्या जागी चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलीय. आगगाडीसाठी आखलेली वाट, त्यामुळे चढ नावालाच. गाड्यांची वर्दळ नाही, दोन्ही बाजूंनी गर्द झाडी आणि सोबतीला यॉकगेनी नदी. गावातून कॉन्फ्लुअन्सच्या दिशेने निघा. तो टप्पा साधारण ११ मैलांचा आहे, पण तिथवर जायलाच हवं असं काही नाही. जाताना अगदी सौम्य चढ, येताना उतार, म्हणजे पोरगं दमेल तेव्हा परतीची वाट सोपी. सायकली गावात भाड्याने मिळतात. आई-बाबांना सायकल नको असेल तर त्यांना दुसऱ्या दिशेच्या उंच पुलावर चालत न्या. कठड्याशी उभं राहिलं की खाली खडकांवर फेसाळणारं पाणी आणि त्यातून आरडाओरडा करत जाणारे राफ्ट दिसतात. माझी आई तिथून हलायला तयार नव्हती.

शुगरलोफच्या डोंगरावर माउंटन बाइकच्या वाटाही आहेत, पण तुमच्या मंडळींसाठी नकोत.

राहायला केंटक कॅम्पग्राउंड. ते डोंगरावर आहे आणि गावाकडे येणारा रस्ता चांगलाच उताराचा, तेव्हा मुलाला तिथून सायकलवर सोडू नका, सायकली गाडीला बांधून खाली आणा. आई-बाबांसाठी तंबूचा हट्टही धरू नका. तिथे यर्ट, म्हणजे लाकडी ओट्यावरचे गोल पक्के तंबू, आणि छोट्या कॉटेज आहेत, त्यात बंक बेड, वीज आणि हीटर असतो. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं, कॉटेज घेतलीत तर स्वयंपाक बाहेर करायचा. तुम्ही बापलेक जवळच तंबू ठोका. अंघोळीला गरम पाणी आहे. पार्कात प्रवेश फुकट, राहण्याचं बुकिंग मात्र ११ महिने आधी उघडतं आणि लाँग वीकेंडच्या जागा बघता बघता जातात.

शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. लाकडात दडून आलेल्या किडींनी इथली अ‍ॅशची झाडं उभीच्या उभी वाळवलीत. रात्री खाण्याचं सगळं गाडीत बंद. अस्वलं आहेतच, पण खरा उपद्रव रॅकूनचा. शेजारच्या साइटवरच्या कूलरचं झाकण उचलून एकाने पाव पळवताना मी बघितलाय. आणि हो, दारूला पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांत बंदी आहे.

चालायला फर्नक्लिफ. नदी इथे एवढं मोठं वळण घेते की मधल्या जमिनीचं द्वीपकल्प झालंय. त्याला वळसा घालणारी वाट दोन मैलांपेक्षाही कमी आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, तिच्याबरोबर बिया येतात आणि खोऱ्यात जरा ऊब असते, म्हणून दक्षिणेकडच्या काही वनस्पती इथे रुजल्यात. वाटेच्या सुरुवातीला नदीकाठच्या खडकात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे ठसे आहेत, खोडावर खवले असल्यासारखे. मुलाला शोधायला लावा, अर्धा तास निवांत मिळेल. वाट मुळांनी आणि दगडांनी भरलेली आहे, बाबांना चपला घालून नेऊ नका. कुकुंबर फॉल्स हा साधारण तीस फुटांचा धबधबा गाडी लावली की लगेच दिसतो. कोकणातला पावसाळा बघितलेल्यांना तो किरकोळ वाटेल, तरी बघाच.

मेडो रन या ओढ्यावर वाहत्या पाण्याने गुळगुळीत झालेल्या खडकांची नैसर्गिक घसरगुंडी आहे. पाणी कमी असेल तर मजा, पण पाऊस पडून गेला असेल तर मुलाला उतरू देऊ नका, कितीही रडला तरी. ओहायोपाइल गावातल्या मोठ्या धबधब्याच्या आसपास तर पाण्यात पायही घालायचा नाही.

गावापासून चार मैलांवर प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने ओढ्यावरच बांधलेलं फॉलिंगवॉटर हे घर आहे. ते २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिकीट आधीच काढा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या, गोचीड. लाइम रोग पसरवणारी जात इथे भरपूर आहे आणि तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. लांब पँट, पायमोज्यात खोचलेली, आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी मुलाच्या कानामागे, काखेत, गुडघ्यांमागे नीट बघा.

मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे, नकाशे आधीच उतरवून ठेवा. जूनअखेर ते जुलैची सुरुवात ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांची, पण ४ जुलैचा वीकेंड टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात पानांचे रंग सुरेख असतात, रात्री मात्र कडाक्याच्या थंडीच्या. तेव्हा येणार असाल तर तंबू विसरा आणि सगळेच यर्टमध्ये झोपा.