दुःख असलेल्या घरी दिवाळीचा मेसेज गेलाय, आता काय करू?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही पत्ता लागेल. तुम्ही खोके पुरवता, कोरुगेटेड बॉक्स. चाकणच्या एका कंपनीतले परचेसचे साहेब बऱ्याच वर्षांचे ओळखीचे, घरोबा नाही पण चहापाणी, मुलांची चौकशी इतपत आहे. धनत्रयोदशीला तुमच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून त्यांनाही दिव्यांचं चित्र गेलं, 'ही दिवाळी आपल्या घरी आनंद घेऊन येवो', खाली तुमच्या फर्मचा लोगो. संध्याकाळी त्यांच्या स्टोअरवाल्याकडून कळलं की साहेबांची आई तीन आठवड्यांपूर्वी गेली. तुम्ही घाईघाईत मेसेज डिलीट केलात, तोवर ब्लू टिक आल्या होत्या. मग माफीचा भलामोठा मेसेज टाकलात, त्यालाही ब्लू टिक, उत्तर काही नाही. आता विचारताय की ड्रायफ्रूटचा चांगला बॉक्स घेऊन घरी जाऊन माफी मागू का. आणि पुढच्या महिन्यात रेट रिव्हिजन आहे हे तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय, तेही वाचलं.

ड्रायफ्रूट नाही. एकदम नाही. सुतक संपलेलं असलं तरी पहिल्या दिवाळीला त्या घरात रिबिन बांधलेला चकचकीत बॉक्स घेऊन जाणं म्हणजे तोच मेसेज हातात धरून नेण्यासारखं आहे. शिवाय माणूस परचेसमधला. बऱ्याच कंपन्यांत दिवाळीची गिफ्ट घेऊ नका म्हणून सर्क्युलर निघतं, घरी तर मुळीच नाही, म्हणजे आधीच दुःखात असलेल्या माणसाला तुम्ही वर आणखी 'हे परत कसं करू' या पेचात टाकणार.

आता मुद्द्याचं. तुम्ही माफीच्या मागे लागलाय, पण त्या माणसाचं तुमच्याकडे माफीचं काही येणं नाहीये हो. येणं आहे ते सांत्वनाचं. तुम्हाला माहीतच नव्हतं, मुद्दाम कोण पाठवतं असलं काही, हे त्यांनाही कळतं, आणि खरं सांगू का, ज्या घरात माणूस गेलंय तिथे दिवाळीत असे मेसेज ढिगाने येतात, बँकेचे, विम्यावाल्यांचे, सोसायटीच्या ग्रुपवरचे. माझी आई गेली त्या वर्षी मी ते नुसते अंगठ्याने वर सरकवत होतो, कुणाचा आला हेही बघत नव्हतो. लक्षात राहिलं ते वेगळंच. आमचा एक टेम्पोवाला दुकानात येऊन बसला, पाच मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, "म्हातारी मला ताक दिल्याशिवाय सोडायची नाही." बस. चहा नको म्हणाला आणि उठला. त्याने मला दिवाळीचा मेसेज पाठवला होता की नव्हता, देवाशपथ आठवत नाही.

तुमच्या त्या लांबलचक माफीत (तुम्ही कॉपी करून टाकलीये म्हणून बोलतोय) पहिल्या आठ ओळी ब्रॉडकास्ट लिस्ट, ऑफिसमधला मुलगा, तुमची धावपळ, तुम्हाला किती वाईट वाटतंय यावर आहेत. आईबद्दल एक ओळ, तीही शेवटी, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो', जी वर्गणीदारांनाही पाठवता येईल. याला ते काय उत्तर देणार? 'ठीक आहे' लिहावं तर कोरडं दिसतं, 'अहो असू द्या' लिहावं तर तुमचीच समजूत काढायची वेळ त्यांच्यावर. म्हणून गप्प बसलेत. राग असेलच असं अजिबात नाही.

हे मी समोर घडताना बघितलंय. एका परचेसवाल्यांच्या केबिनबाहेर मी बसलो होतो, दार उघडं, आत एक सेल्सचा पोरगा अशाच चुकीची माफी मागत होता, वडिलांचं होतं बहुतेक. एकदा सॉरी म्हणाला, साहेब म्हणाले हरकत नाही. परत म्हणाला, परत हरकत नाही. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज भरून आला, आत आणखी दोन माणसं बसलेली, आणि ज्यांचे वडील गेले ते साहेब उठून त्याला पाणी देतायत. बाहेर आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

तर करायचं काय. फोन. मेसेज आता एकही नाही. लक्ष्मीपूजन आणि पाडवा जाऊ द्या, त्या दिवसांत घरात नातेवाईकांची ये-जा असते आणि मन जास्तच हळवं असतं. भाऊबीज झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला किंवा संध्याकाळी सहानंतर. ऑफिस सुरू झालं असेल तर डेस्कच्या नंबरवर नको, मोबाईलवर. आणि बोलायचं एवढंच: "साहेब, आईंचं मला उशिरा कळलं. त्यात माझ्याकडून तो दिवाळीचा मेसेज गेला, त्याबद्दल माफ करा. तुम्ही कसे आहात?" माफी मधल्या वाक्यात आली आणि गेली. मग गप्प. खरंच गप्प राहा, फोनवरची शांतता भरून काढायला जाऊ नका, कारण तिथेच माणसं 'वय किती होतं', 'काय झालं होतं', 'कोणत्या हॉस्पिटलला होत्या' असलं विचारून बसतात. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील, आणि बहुतेक माणसं सांगतात, चांगली दहा मिनिटं सांगतात. तेव्हा ऐका. 'वय झालं होतं ना, सुटल्या' हे तुमच्या तोंडून नको, ते म्हणायचा हक्क घरच्यांचा.

फोन उचलला नाही तर लगेच परत लावू नका. मिस्ड कॉल दिसतो त्यांना. दोन दिवसांनी एकदा लावा, तेव्हाही नाही उचलला तर सोडून द्या, पुढच्या प्रत्यक्ष भेटीत बोला. हात धुऊन मागे लागलात तर सांत्वनाचीसुद्धा वसुली होते.

घरी जावं का? फोनवर ते स्वतःहून 'या एकदा' म्हणाले तर जरूर जा. नाही म्हणाले तर तुमच्या ओळखीत फोन पुरेसा आहे. गेलात तर मोकळ्या हाताने जा, फार तर फोटोला घालायला साधा हार. पंधरा-वीस मिनिटं. फोटोला नमस्कार करा, वडील असतील तर आधी त्यांच्याशी बोला. निघताना आपल्याकडे 'येतो' म्हणत नाहीत हे तुम्हाला माहीत असेलच, पण सवयीने तोंडातून जातं म्हणून लिहिलं, नुसतं उठायचं, हात जोडायचे.

कुणीतरी वर लिहिलंय की सुतक दहा दिवसांचं, तेराव्याला गोडाचं जेवण झालं की संपलं, मग शुभेच्छा दिल्या तर बिघडलं काय. कागदोपत्री बरोबर आहे. पण व्यवहारात बहुतेक मराठी घरांत वर्षभर सण साजरे करत नाहीत. पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, आकाशकंदील लागला तर साधा, आणि फराळाचे डबे शेजारून, नातेवाइकांकडून येतात. काही ठिकाणी सणाच्या आधी नातेवाईक येऊन टॉवेल-टोपी, साडी देऊन दुखवटा काढतात आणि मग घर हळूहळू सणाला लागतं. काही घरांत लहान मुलं आहेत म्हणून सगळं नेहमीसारखं करतात, आणि ते त्यांचं बरोबरच आहे. साहेबांचं घर यातलं कुठलं, हे तुम्हाला-मला माहीत नाही, म्हणून तुमच्या बाजूने वर्षश्राद्धापर्यंत सणाच्या शुभेच्छा नकोत, एवढं धरून चाला. त्यांनी स्वतः पाठवल्या तर प्रेमाने उत्तर द्या.

आणि समोरचा माणूस गुजराती किंवा मारवाडी असेल तर हिशोब जरा वेगळा. तिथे बेसणं किंवा उठावणा असतो, दिवस आणि वेळ ठरलेली, कधीकधी पेपरात जाहिरातही येते, तेवढ्या तास-दोन तासांत जाऊन हात जोडून यायचं, मग घरी वेगळं कुणी जात नाही. जाहिरातीत 'लौकिक व्यवहार बंद' असं छापलेलं असेल तर भेटायला जायचंच नाही, फोनच करायचा. उद्योगनगरीत धंदा करणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

मेसेज डिलीट करण्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत दोन्हीकडून डिलीट करता येतं, पण ब्लू टिक आल्यावर काय उपयोग? उलट तिथे 'मेसेज डिलीट केला' अशी पाटी राहते आणि माणूस विचार करत बसतो की काय होतं. बघितला नसेल तरच डिलीट करा. २०२३ पासून पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत एडिटही करता येतो, पण चित्राचं चित्रच राहतं, ते काय बदलणार. झालं ते झालं. एक मात्र आहे, ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणजे साहेबांच्या फोनमध्ये तुम्ही नावानिशी आहात, हेही नसे थोडके.

आणि ती लिस्ट आजच उघडा. आज म्हणजे आज. कारण तुमचा ऑफिसातला मुलगा १ जानेवारीला परत तीच लिस्ट उघडणार, मग १४ जानेवारीला तीळगूळ घ्या गोड गोड बोला, मग होळी, मग पाडवा, आणि दुसऱ्यांदा गेलं तर मात्र 'माहीत नव्हतं' म्हणायला तोंड राहणार नाही. साहेबांचा नंबर काढा. लिस्टमधले बाकीचेही एकदा नजरेखालून घाला, एकाच लिस्टमध्ये २५६ पर्यंत नंबर बसतात, त्यात आणखी कुणाच्या घरी काही झालंय का हे मुलाला कळणार नाही, तुम्हालाच कळेल. माझं विचाराल तर परचेसच्या मुख्य माणसांना लिस्टमध्ये ठेवूच नका, दहा-बारा माणसं असतात, हाताने नाव घालून दोन ओळी टाइप करायला अर्धा तास लागतो. लोगो नको.

राहिला रेट रिव्हिजनचा विषय. सांत्वनाच्या फोनमध्ये ऑर्डर, पेमेंट, रेट यातलं अक्षरही काढायचं नाही, त्यांनी काढलं तरी 'ते बघू हो नंतर, मी ऑफिसला मेल टाकतो' म्हणून बाजूला ठेवा. पण दुसरीकडे धंदाही थांबवू नका, बरेच जण अवघडून महिना महिना तोंड दाखवत नाहीत आणि मग समोरच्याला वाटतं हा बिनसून बसलाय. रेटची मेल ठरल्या तारखेला, नेहमीच्या भाषेत, त्यांच्या असिस्टंटला सीसी ठेवून पाठवा. कागदाचा भाव वाढलाय ते आकड्यांत लिहा, वर 'झाल्या प्रकाराबद्दल पुन्हा एकदा' वगैरे काहीही नको. आणि दिवाळीनंतरची त्यांची पहिली गाडी वेळेवर लागली की नाही हे स्वतः गोडाऊनला उभं राहून बघा, स्टोअरवाल्याला डिस्पॅचचा मेसेज सकाळीच जाऊ दे. ते नेहमीच्या आवाजात 'दोनशे खोके कमी आलेत' म्हणून ओरडायला फोन करतील, तेव्हा निमूट ऐकून दोनशे पाठवून द्या.