जुनं जीपीएस यंत्र फेकून देऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीत बरीच वर्षं वापरलेलं वेगळं जीपीएस यंत्र आहे. कधी अगदी दारात नेऊन सोडतं, कधी भलत्याच गल्लीत घालतं. ते टाकून देऊन सरळ फोन वापरावा का, आणि मुळात उपग्रह इतके चुकतात कसे?

दुसऱ्या भागापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. उपग्रह फारसे चुकत नाहीत. चुकतो तो बहुतेक वेळा नकाशा, आणि तो कसा चुकतो हे मला एका कालव्याच्या काठावर कळलं.

मामाच्या शेतातल्या नव्या घरी पहिल्यांदाच निघालो होतो. पोहोचायला रात्र झाली. यंत्रात पत्ता घातलेला, त्यामुळे मी निर्धास्त. आधी डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसत्या दोन चाकोऱ्या आणि मधे गुडघाभर गवत. ते गाडीच्या पोटाला घासत होतं, तो आवाज अजून कानात आहे. तेवढ्यात मावशी (आमच्या घरात यंत्रातल्या बाईला मावशीच म्हणतात) अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात." समोर तुडुंब भरलेला कालवा. पलीकडे एका घराचा दिवा. मामाला फोन लावला तर म्हणतो, "अरे, तुझ्या गाडीचे दिवे दिसताहेत मला! तिकडे काय करतोयस?" पूल सात किलोमीटर मागे राहिला होता. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून बराच रस्ता रिव्हर्समध्ये काढला. बायको मागच्या काचेतून बघत "डावीकडे घ्या, अहो डावीकडे" करत होती. त्या रात्रीचं खरं नेव्हिगेशन तेवढंच.

आता गंमत बघा. आम्ही कुठे उभे आहोत हे यंत्राला बरोबर माहीत होतं. गोंधळ पत्त्याचा होता. नकाशात घर म्हणजे एक ठिपका असतो आणि रस्ते म्हणजे रेषा. ठिपका रेषेवर नसेल तर यंत्र सरळ अंतराने सगळ्यात जवळची रेषा शोधतं आणि प्रवास तिथे संपवतं. मधे कालवा आहे, रूळ आहेत की उंच भिंत, हे बघायची तसदी ते घेतंच असं नाही. मामाच्या घराला जवळची रेषा कालव्याच्या अलीकडची होती. तेव्हापासून शहराबाहेर जायचं असेल तर मी पत्ता टाकत नाही. नकाशा मोठा करून घराच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर बोट ठेवतो. मिनिटभर जातो, पण रिव्हर्स वाचतो.

उपग्रहांची बाजू घेतोय, तर त्यांचं कामही सांगतो. ते वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि 'आत्ता इतके वाजले, मी अमुक जागी आहे' एवढंच ओरडत असतात. तुमचं यंत्र फक्त ऐकतं. ते वर काहीच पाठवत नाही. संदेश यायला सेकंदाचा सुमारे सात शतांश भाग लागतो. त्या वेळेवरून अंतर काढायचं, आणि वेळेत एक मायक्रोसेकंद चुकला तर अंतरात तीनशे मीटरची चूक. तीन उपग्रह जागेसाठी लागतात आणि चौथा तुमच्या यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक सुधारायला. सापेक्षतेमुळे वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे अडतीस मायक्रोसेकंद पुढे पळतात. तोही हिशेब आधीच धरलेला असतो, नाहीतर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साठली असती. आईन्स्टाईनपर्यंत सगळं सांभाळलं, मामाचा कालवा तेवढा कुणाच्या लक्षात आला नाही.

"लष्कर मुद्दाम चूक मिसळतं" असं अजूनही कुणी ना कुणी सांगतं. हे एकेकाळी खरं होतं. अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक मे 2000 मध्ये बंद केली. त्याआधी शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. आता मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनलाही पाचेक मीटरपर्यंत जागा कळते.

पाच मीटर म्हणजे मात्र एक अख्खी लेन आणि वर थोडं, हे विसरू नका. उड्डाणपुलाजवळचा सगळा वैताग इथूनच येतो. तुम्ही पुलावर आहात, मावशी खालच्या सर्व्हिस रोडवरून डावीकडे वळायला सांगते. तिला आडवी जागा बऱ्यापैकी कळते, उंची त्याहून कच्ची कळते, आणि पुष्कळ यंत्रं तर रस्ता ठरवताना उंची बघतच नाहीत. दोन रेषा नकाशात एकावर एक, मग ती आपली एक निवडते. पडद्यावरचा बाण रस्त्याच्या अगदी मधोमध चालतो म्हणून आपला विश्वास बसतो, पण ती सजावट आहे. आलेली जागा रस्त्याच्या बाजूला पडली तरी यंत्र बाण उचलून जवळच्या रस्त्यावर चिकटवतं. चुकीच्या रस्त्यावर चिकटवला तरी तो तितकाच ऐटीत चालतो. म्हणून पुलाच्या तोंडाशी मी पडद्याकडे बघत नाही, पाटीकडे बघतो.

उंच इमारतींच्या मधे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो, त्यामुळे बाण शेजारच्या गल्लीत उडी मारतो. बोगद्यात सिग्नल नसतोच. गाडीत कंपनीनेच बसवलेली यंत्रं तिथे चाकांचे फेरे आणि वळणाचा अंदाज यांवर पुढे सरकतात. काचेला चिकटवायच्या यंत्रांतली बरीचशी मागच्याच वेगाने बाण ढकलत राहतात. बोगद्यात फाटा असेल तर तो आधीच पाठ करून ठेवावा. आणखी एक, काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता रोखायला धातूचा पातळ थर असतो. तो सिग्नलही अडवतो. तुमचं यंत्र नव्या गाडीत आल्यापासून बिघडलं असेल तर आधी ही शंका घ्या. अशा काचेला आरशाच्या आसपास बहुधा एक मोकळा भाग सोडलेला असतो, तिथे लावून बघा.

सकाळी निघताना यंत्र 'उपग्रह शोधत आहे' म्हणत बसतं, त्यालाही कारण आहे. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती दर तीस सेकंदांनी सांगतो, तीही सेकंदाला फक्त पन्नास बिट इतक्या सावकाश. ती सलग ऐकावी लागते. झाडाखालून, पुलाखालून गाडी हाणत निघालात की ऐकणं मधेच तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. उघड्यावर मिनिटभर उभं राहून निघालात तर पाच मिनिटांची चिडचिड वाचते. फोन हीच माहिती मोबाईल नेटवर्कवरून झटकन उचलतो, म्हणून तो हुशार वाटतो.

यंत्र खरंच जुनं असेल तर त्यातली तारीख बघा. जीपीएसमध्ये आठवडे 0 ते 1023 मोजतात आणि मग पुन्हा शून्यावर येतात. असं 1999 च्या ऑगस्टमध्ये आणि 2019 च्या एप्रिलमध्ये झालं. काही जुन्या यंत्रांना ते पचत नाही आणि तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे जाते. जागा बरोबर, पोहोचायची वेळ मात्र काहीच्या बाही. त्यावर अपडेट असेल तर करा, नसेल तर त्या वेळेवर विसंबून कुणाला जेवायला थांबवू नका.

सेटिंगमध्ये 'सर्वात जवळचा मार्ग' निवडलेला असेल तर आधी बदला. तुमच्या भलत्या गल्ल्यांचा माझा पहिला संशय यावर आहे. यंत्राला अंतर कमी करा म्हटलं की ते दोनशे मीटर वाचवायला बोळातून नेतं, बैलगाडीच्या वाटेवरून नेतं. 'सर्वात जलद' ठेवा.

राहिला फोन. फोनचा नकाशा ताजा असतो आणि पुढची कोंडी कळते, या दोन गोष्टींपुढे जुनं यंत्र हरतं. वेगळ्या यंत्राची बाजूही सांगतो: नकाशा त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे रेंज गेली तरी अडत नाही. आणि नेमका फाटा आला की बँकेचा फोन येऊन नकाशा झाकत नाही. उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून पडदा मंद करतो, तेव्हाही ते चालू असतं. अर्थात फोनमध्येही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. जागा कळायला इंटरनेट लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

तेव्हा तुमच्या यंत्राला नकाशाचे अपडेट अजून मिळत असतील तर ठेवा आणि लांबच्या, रेंज नसलेल्या प्रवासाला वापरा. ते बंद झाले असतील तर रस्त्यासाठी फोन वापरा, पण यंत्र तरी फेकू नका. गाडीचा काटा वेग थोडा जास्तच दाखवतो, तो तसाच बनवलेला असतो. जीपीएसचा वेग सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्याहून खरा असतो. माझं जुनं यंत्र आता तेवढ्यासाठीच काचेला आहे, नकाशा बंद आणि मोठे आकडे. मावशीचा आवाजही बंद केला होता, पण मुलांनी परत चालू करायला लावला. आता ती फक्त "वेगमर्यादा ओलांडली" एवढंच म्हणते, आणि मागच्या सीटवरून दोन आवाज तिला साथ देतात.